दळणवळणाची पदवी

नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडवर गणपतरावांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं, आणि त्या गोदामात कवडू बुकिंग क्लार्क होता. अंगानं काडीसारखा, पण आवाज असा की चार ट्रक एकाच वेळी घुरघुरत असले तरी फाटकातल्या ड्रायव्हरला त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू जायचं. मॅट्रिकनंतर कॉलेजचं एक वर्ष तो पास झाला होता. पुढे बाप आजारी पडला, कॉलेज सुटलं आणि कवडू गोदामात चिकटला.

गणपतराव स्वतः चौथी शिकलेले. खापरखेड्याच्या पलीकडे त्यांचं गाव, तिथं शेती आणि पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलांची एक जोडी. पण डोकं धंद्याचं. अठ्ठ्याहत्तर साली त्यांना खापरखेड्याच्या वीज केंद्राचं तीन-चार वर्षांनी निघणारं मालवाहतुकीचं कंत्राट हवं होतं आणि तिथल्या साहेबानं एक अट घातली होती, की कामावरचा मॅनेजर पदवीधर पाहिजे. बाहेरचा पदवीधर आणला तर तो आपल्याला अडाणी समजणार, ही गणपतरावांना धास्ती. म्हणून ते रोज पेपरात घरच्या माणसाला जमेल अशी एखादी पदवी शोधायचे.

एके दिवशी ते पेपर फडकवतच गोदामात आले.

"कवडू, इकडे ये गा! आपल्या धंद्याचीच डिग्री निघाली!"

सीताबर्डीच्या एका कॉलेजात कम्युनिकेशनचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू होणार होता, वर्ग संध्याकाळी. गणपतरावांनी शेजारच्या मास्तरांकडून डिक्शनरी आणून तो शब्द काढला होता. बोट ठेवून त्यांनी कवडूला दाखवलं. तिथं लिहिलं होतं, दळणवळण.

"आता यात अजून काय पायजे तुले?" गणपतराव म्हणाले. "ट्रक म्हणजे दळणवळण. दिवसभर करतच राहिला तू. फक्त संध्याकाळी जाऊन सायबाच्या भाषेत शिकून ये. फी मी भरतो."

कवडूला पुन्हा कॉलेजात जायला मिळतंय म्हटल्यावर त्यानं डिक्शनरीशी वाद घातला नाही.

पहिल्या दिवशी लांजेवार सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं, की तुम्ही इकडे का आलात. लांजेवार सर विभागप्रमुख होते, बोलताना डोळे मिटायचे. कोणी म्हणालं, रेडिओवर जायचं आहे. कोणी म्हणालं, वार्ताहर व्हायचं आहे. कवडू उभा राहून म्हणाला, "मी वाडीच्या ट्रान्सपोर्टात आहो जी. म्हणून."

सरांना वाटलं, हा गरीब घरचा कष्टाळू विद्यार्थी. ते खूश झाले आणि तासभर शिकवत राहिले. कम्युनिकेशन म्हणजे संज्ञापन, एकाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनात जशीच्या तशी पोचवणं. त्यात प्रेषक असतो, संदेश असतो, माध्यम असतं, ग्राहक असतो. कवडूनं सगळं लिहून घेतलं. तास संपताना त्यानं हात वर केला.

"सर, गाड्या कोणत्या वर्षाला येतात?"

"कोणत्या गाड्या?" सरांनी डोळे उघडले.

वर्ग इतका हसला की शेजारच्या खोलीतला कॉमर्सचा तास थांबला. कवडूला काय ते समजलं. सायकलवरून वाडीपर्यंत तो एकच वाक्य घोकत गेला, 'मालक, डिक्शनरी चुकली.' पण गोदामात पोचला तर गणपतराव ड्रायव्हर-हमालांना पेढे वाटत होते. वीज केंद्राच्या साहेबालाही त्यांनी निरोप धाडला होता की आमचा मॅनेजर दळणवळणाची डिग्री करून राहिला, असा माणूस अख्ख्या नागपुरात नाही.

"काय शिकला आज?" त्यांनी कवडूच्या हातावर दोन पेढे ठेवत विचारलं. सगळे हमाल कान देऊन उभे.

कवडूनं पेढा गिळला. "मालक, पहिले तर माल पाठवणारा असते. त्याले म्हणतात प्रेषक."

"बरोबर."

"मग माल असते. मग ज्याच्यातून माल जाते ते, माध्यम."

"म्हणजे ट्रक."

"हो जी. आणि तिकडे माल उतरवून घेणारा, तो ग्राहक."

गणपतरावांनी हमालांकडे पाहिलं. "पाहा! सायबं लोकं काही वेगळं सांगत नाहीत. आपण जे करतो तेच सांगतात, फक्त पंख्याखाली बसून."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळचा हा रिवाज पडला. कवडू कॉलेजातून आला की गणपतराव खुर्ची ओढून बसायचे. कवडूही तरबेज झाला. संदेशात अडथळा येतो हे शिकला त्या दिवशी त्यानं सांगितलं, की कोंढाळीच्या घाटात माल अडकला तर काय करायचं याची चर्चा झाली. फीडबॅक शिकला तेव्हा त्याला फार विचार करावा लागला नाही. "माल पोचल्याची सही," तो म्हणाला, आणि गणपतराव म्हणाले, "अशी सही न घेणारे चार पार्टनर बुडालेले पाहिले मी." जाहिरातशास्त्राच्या तासाचं मात्र काही केल्या जमेना, तेव्हा कवडूनं ट्रकच्या मागे काय लिहावं हा विषय सांगून वेळ मारून नेली.

गंमत अशी की कवडूला त्या अभ्यासाची खरोखरच गोडी लागली. बातमीचा मथळा कसा करायचा हे त्याला इतकं आवडलं, की तो मालाबरोबर जाणाऱ्या बिल्टीवरही मथळे लिहू लागला. 'संत्री रवाना, दिल्ली प्रतीक्षेत.' मालकाला खरं सांगावं असं त्याला दर आठवड्याला वाटायचं, पण दर आठवड्याला गणपतराव जास्तच खुशीत असायचे. दुसऱ्या वर्षी तर त्यांनी वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकीत 'प्रेषक आणि ग्राहक' या विषयावर भाषण केलं. टाळ्या पडल्या. चौथी पास माणसाला टाळ्या पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते पाहून कवडूनं सांगायचा विचार सोडूनच दिला.

शेवटच्या वर्षी लांजेवार सरांनी पदवीसाठी काय काय पुरं करावं लागेल ते फळ्यावर लिहिलं. लेखी पेपर, एका वृत्तपत्रात महिनाभर उमेदवारी, एक मुलाखत, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष समालोचन. एखाद्या सार्वजनिक कार्यक्रमात माइकवर उभं राहून पंधरा मिनिटं अखंड बोलायचं. बाहेरगावचा परीक्षक ऐकणार. मध्ये थांबला तो नापास.

कवडूची उमेदवारी झाली होती. मुलाखत राहिली होती. ज्या पुढाऱ्याची घ्यायची तो भेटायचाच नाही. समालोचनासाठी हॉकीची मॅच एकानं पटकावली, फुलांचं प्रदर्शन दुसऱ्यानं. सर कवडूला म्हणाले, "तुमच्या मालकांच्या गावाला शंकरपट भरतो ना? बैलांची शर्यत. तुम्ही तो करा."

"सर, एक जोडी शिंकायच्या आत धावून जाते. पंधरा मिनिटं काय बोलू?"

"तेच तर कौशल्य आहे," सर डोळे मिटून म्हणाले.

पटाच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. परीक्षक जबलपूरहून आले होते, पिंपळखुटे नावाचे. घराणं मराठी, पण तीन पिढ्या जबलपुरात, त्यामुळे बोलणं अर्धं तिकडचं. गळ्याभोवती मफलर, डोक्यावर माकडटोपी, डोळ्यांना जाड चष्मा. लांजेवार सरांनी त्यांना मंडपात बसवलं आणि ते माइकवाल्याची बॅटरी पाहायला गेले. तेवढ्यात गणपतराव तिथं पोचले. जबलपूरचे मोठे साहेब दळणवळणाची परीक्षा घ्यायला आले आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"नमस्कार साहेब. रस्ता कसा होता?"

"रस्ता क्या, मैं तो रेलगाडीनं आलो."

"रेल्वे बी चांगली," गणपतराव उदारपणे म्हणाले. "पण घरपोच माल देत नाही."

"हां, वो तो है," पिंपळखुटे म्हणाले. त्यांना तो माणूस आवडला.

"आमचा कवडू कसा वाटला? माल कधीच थांबू देत नाही."

"थांबलाच नाही पाहिजे," पिंपळखुटे गंभीरपणे म्हणाले. "थांबला तो नापास."

गणपतरावांना हे फार पटलं. असा कडक अधिकारी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी साहेबाचा हात धरला आणि त्याला आपली जोडी दाखवायला नेलं.

इकडे लांजेवार सरांनी घड्याळ पाहून हात खाली केला आणि कवडूचं समालोचन सुरू झालं. झाडाला बांधलेल्या भोंग्यातून त्याचा आवाज रानभर घुमला. पहिली जोडी सुटली, धुरळा उडाला आणि जोडी संपली. पुढची तयार व्हायला वेळ होता. कवडूनं धुरळ्याचं वर्णन केलं. धुरळा बसला. मग त्यानं मंडपाचं वर्णन केलं, मंडपातल्या सरपंचाच्या फेट्याचं केलं, फेट्याच्या रंगाचं केलं, तो रंग कोणत्या गावाहून येतो आणि तिथून यायला कोणता रस्ता बरा ते सांगितलं. लोकं हसू लागली. भज्यांच्या गाडीवाल्यानं कढईतला झारा थांबवला. दुसरी जोडी धावली तेव्हा अर्ध्या लोकांचं तोंड पटाकडे नव्हतं, भोंग्याकडे होतं.

पट जिथून सुटतो त्या टोकाला गणपतरावांची जोडी छकड्याला जुंपून उभी होती. त्यांचा धुरकरी देवाजी, म्हणजे शर्यतीत बैल हाकणारा गडी, छकड्यावर बसला होता.

"साहेब, बसून तर पाहा," गणपतराव म्हणाले. "तपासणी झाल्यासारखी होईल."

"मैं? अरे नहीं नहीं," असं म्हणत पिंपळखुटे चढलेसुद्धा. देवाजी साहेबाला जागा द्यायला खाली उतरला आणि बैलांसमोर उभा राहून विडी पेटवू लागला.

नेमकं तेव्हा कवडूजवळचं बोलणं संपलं होतं. म्हणून त्यानं जोडी कशी सोडतात ते समजावून सांगायला घेतलं. "तर श्रोतेहो," तो भोंग्यातून म्हणाला, "झेंडी खाली पडते, आणि मग धुरकरी अशी हाक देते, हाऽऽऽ रे हाऽऽऽ!"

माणसांना कळलं की हे उदाहरण आहे. बैलांना कळलं नाही.

देवाजीनं विडीसकट बाजूला उडी मारली. छकडा सुटला. पिंपळखुट्यांचा मफलर मागे सरळ आडवा झाला आणि ते दोन्ही हातांनी छकड्याच्या दांडीला मिठी मारून बैलांच्या शेपटांमध्ये तोंड खुपसून बसले. कवडूनं लांजेवार सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा पांढराफटक होता, पण बोट घड्याळावर होतं.

"आणि ही सुटली गणपतरावांची जोडी!" कवडू ओरडला. "छकड्यावर आहेत जबलपूरचे पिंपळखुटे साहेब! साहेब, कासरा धरा! उजव्या हाताशी आहे, दोर, दोर! दांडी सोडा, नाही नाही, दांडी सोडू नका! दांडी बी धरा, कासरा बी धरा! बसा खाली! आणखीन खाली! शाब्बास साहेब!"

पिंपळखुट्यांना धुरळ्यात काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त तो आवाज ऐकू येत होता, आणि तो सांगेल तसं ते करत होते. बैल शेवटच्या झेंडीच्या पार गेले, कडब्याच्या गंजीपाशी आपले आपणच थांबले आणि पिंपळखुटे त्या गंजीत अलगद जाऊन पडले.

वेळ घेणाऱ्या पंचांनी सवयीनं घड्याळ दाबलं होतं. त्या दिवसातला सर्वांत कमी वेळ निघाला. गणपतराव धावत आले ते साहेबाकडे नाही, पंचांकडे.

"लिहा! लिहून घ्या! माझी जोडी पहिली!"

"गणपतराव, धुरकरी कोठी होता?" पंच म्हणाले.

"तो काय गंजीत पडला!"

"तो धुरकरी नाही गा. त्याचे डोये मिटले होते."

हा वाद चालू असताना कवडूची खरी अडचण सुरू झाली. त्याला जाऊन साहेबाच्या पाया पडायचं होतं, पण माइक सोडला तर नापास. म्हणून तो बोलत राहिला.

"साहेब हालले आहेत, श्रोतेहो. साहेबांचा एक पाय दिसून राहिला. आता दुसरा पाय. साहेब उभे आहेत! साहेब काहीतरी शोधत आहेत... चष्मा असावा. देवाजीनं चष्मा दिला. साहेबांनी चष्मा घातला आणि इकडे पाहिलं." त्याचा आवाज जरा बारीक झाला. "साहेब इकडे निघाले आहेत. मफलर नाही. टोपीत कडबा आहे. चाल जलद आहे. साहेबांच्या हातात एक काठी आहे, ती त्यांनी कुठून घेतली हे समजू शकलं नाही. साहेब, मी इथूनच जाहीर माफी मागतो. साहेब मंडपात शिरले. साहेब आता माझ्यासमोर..."

पिंपळखुटे समोर उभे राहिले. धापा टाकत होते. लांजेवार सरांनी लांबूनच खुणावलं की अजून वेळ संपलेला नाही. कवडूला बोलायला आता जगात दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्यानं माइक साहेबाच्या तोंडापुढे धरला.

"साहेब, कसं वाटून राहिलं?"

पिंपळखुट्यांनी काठीकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, समोरच्या हजारभर तोंडांकडे पाहिलं. त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं, पण इतक्या माणसांनी त्यांच्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं.

"भाइयो," ते म्हणाले, "मजा आली!"

रानातून अशी आरोळी उठली की झाडावरचे बगळे उडाले. मग पिंपळखुटे बोलत सुटले. बैलाचा वास सांगितला, वारा सांगितला, नर्मदेकाठचं आपलं लहानपण सांगितलं, काठी बैल परत येतील या भीतीनं उचलली हेही सांगितलं. कवडू मध्येच एखादा प्रश्न टाकायचा आणि ते आणखी पाच वाक्यं बोलायचे. पंधरा मिनिटं होऊन गेली हे लांजेवार सर बोटांनी दाखवत होते, पण आता परीक्षकाला कोण थांबवणार? शेवटी माइकची बॅटरी उतरली तेव्हाच ते खाली बसले. सरांनी हिशेब करून मुलाखतीच्या रकान्यातही खूण केली.

दुपारी गणपतरावांच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत होती. साहेब चौथा रोडगा मोडत होते. गणपतराव तूप वाढता वाढता म्हणाले, "मग साहेब, आता या कवडूले ट्रकांचं काम जमन ना?"

"ट्रक?" पिंपळखुटे म्हणाले. "ट्रकचं मला काय माहीत? ये तो बोलण्या-लिहिण्याची डिग्री आहे. अखबार, रेडिओ."

गणपतरावांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्यांनी कवडूकडे पाहिलं.

"तीन सालं?"

"हो जी."

"ते प्रेषक? तो फीडबॅक?"

"ते सगळं खरंच होतं मालक," कवडू खाली मान घालून म्हणाला. "फक्त त्यात माल नव्हता."

गणपतरावांनी साहेबाला तूप वाढलं, देवाजीला वाढलं आणि कवडूचं पान ओलांडून पुढे गेले.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. एकाच गोदामात दोघं समोरासमोर बसायचे आणि मालक भिंतीकडे पाहून म्हणायचे, "अमरावतीची गाडी भरली का नाही, कोणाले माहीत." मग कवडू दुसऱ्या भिंतीला सांगायचा, "भरली जी." वीज केंद्राच्या साहेबानं निरोप धाडला, की मॅनेजर पदवीधर होतोय ना, कशातला ते महत्त्वाचं नाही. तोही निरोप गणपतरावांनी पाण्याच्या माठाला वाचून दाखवला. कवडूला जेवण जाईना. फसवल्याचं ओझं तर होतंच. पण संध्याकाळी समोर कोणी खुर्ची ओढून बसत नाही, याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं.

अबोला मोडला तो ट्रान्सपोर्टवाल्यांमुळे. त्यांची वार्षिक बैठक आली आणि सगळ्यांनी आग्रह धरला, की गणपतरावांचंच भाषण पाहिजे, मागच्यासारखं विद्वत्तेचं. गणपतराव हो म्हणून बसले. बैठकीच्या आदल्या दिवशी ते बराच वेळ टेबलावरची दऊत इकडून तिकडे सरकवत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"कवडू."

"जी मालक."

"त्या फीडबॅकच्या पुढे काय होतं गा?"

कवडूनं वही उघडली आणि समूह-संज्ञापनाचं प्रकरण काढलं. "एकाच वेळी पुष्कळ लोकांले पोचवायचं असलं तर काय करायचं, ते."

"म्हणजे फुटकळ माल. बऱ्याच पार्ट्यांचा, एकाच गाडीत."

"अगदी तसंच."

"मग तुह्या त्या जबलपूरच्या सायबाले काही समजत नाही," गणपतराव म्हणाले. "सांग पुढे."

निकाल लागला. कवडू दुसऱ्या वर्गात पास झाला आणि कंत्राटाच्या कागदावर मॅनेजर म्हणून त्याचं नाव चढलं. पदवीदान समारंभाला गणपतराव कोशाच्या रेशमाचा नवा फेटा बांधून, देवाजीला बरोबर घेऊन आले. त्यांनी अशी सभा कधी पाहिली नव्हती. सगळे चिडीचूप, एकेक नाव पुकारलं जातंय, पोरं झगा सावरत जाताहेत आणि कोणी हूं की चूं करत नाही. त्यांना ते फार उदास वाटलं.

कवडूचं नाव पुकारलं तसे ते उभे राहिले आणि त्यांनी पटात देतात तशी खणखणीत आरोळी ठोकली. शिपाई धावत आला. "खाली बसा बाबाजी, इथं असं चालत नाही."

"काहून? पोरगं पास झालं ना?"

ते बसले. पण पुढचं नाव एका मुलीचं होतं. ती बिचारी एकटीच आली असावी, कारण कुठूनच एक टाळीही पडली नाही. गणपतरावांना राहवलं नाही. ते पुन्हा उठले आणि तिच्यासाठीही तेवढ्याच जोरात ओरडले. तिनं झग्यात तोंड लपवलं, पण हसू दिसलंच. तिच्यानंतरच्या पोराला देवाजीही ओरडला. त्याच्यानंतरच्याला मागच्या दोन रांगा. मंचावरचे मोठे लोक एकमेकांकडे पाहू लागले. लांजेवार सरांनी डोळे मिटून घेतले. आणि कवडू हातात पदवीची गुंडाळी घेऊन आपल्या जागी यायचं विसरून मंचाच्या पायरीशीच उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी, चार ट्रकांच्या वर जाईल अशा आवाजात, ओरडत सुटला.